आपले वाचले का?

टेबलकाका सोमवारी सकाळी साडेआठला बेल वाजवायचे आणि दार पुरतं उघडायच्या आत विचारायचे, "टेबल बघितलं?" आमच्या धायरीच्या सोसायटीत ते नवीन राहायला आले, तेव्हा वॉचमनने या प्रश्नावरून त्यांच्याकडे फर्निचरवाला पाठवला होता. काकांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं की आपल्याला गुणतक्ता हवाय. तो अर्धा तास ऐकून गेला. त्याला काय कळलं कोण जाणे. मला तरी पूर्ण सीझन ऐकून फारसं कळलेलं नाही.

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका जर्मनमधून भाषांतरित करते. दारावरची पाटी वाचून काका आले. त्यांच्या फोनवर एका जर्मन गावातल्या फुटबॉल क्लबचं पान होतं. बड्या, टीव्हीवर दिसणाऱ्या क्लबचं नव्हे. त्या लीगच्या खाली एक, तिच्या खाली आणखी, असं उतरत गेलं की बेकरीवाले आणि शाळामास्तर शनिवारी दुपारी जिथे खेळतात, तिथला हा क्लब. काका त्यांना 'आपले' म्हणत. "आपले तीन-एक हरले. गोलकीपरबद्दल काय लिहिलंय बघा."

"काका, तुम्ही जर्मनीला होता का?"

"छे. पासपोर्टच नाही."

मग हाच क्लब का, यावर दर खेपेला वेगळं उत्तर. कधी "जर्सी चांगली आहे," कधी "कोणीतरी बघायला नको का?" खरं वाटावं असं उत्तर एकदाच मिळालं. ते ज्या कारखान्यातून निवृत्त झाले, तिथल्या टूलरूममध्ये एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन होतं आणि त्यावर पितळी पट्टी. पट्टीवर गावाचं नाव. नोकरीभर ती पट्टी रोज पुसली. निवृत्तीनंतर नेटवर गाव शोधलं, तर मशीनचा कारखाना केव्हाच बंद पडलेला. "क्लब तेवढा चालू आहे," काका म्हणाले. मी मान डोलावली. पटलं नव्हतं.

भाषांतरात मी चुका करत नाही, असा माझा समज त्यांनी पहिल्या महिन्यात मोडला. एका आठवड्यात क्लबच्या नावापुढे 'श्पीलफ्राय' एवढंच होतं. 'श्पील' म्हणजे खेळ, 'फ्राय' म्हणजे मोफत. मी म्हणाले, "या वेळी सामना फुकट ठेवलाय."

काकांनी पान पुन्हा पाहिलं. "फुकट ठेवूनही कोणी गेलेलं दिसत नाही, ताई. स्कोअरच नाही." मग त्यांनी टेबल मोजलं. सतरा संघ. "विषम आहेत. पाच जण पत्त्यांना बसले की एक जण बाहेर राहतो ना, तसं असेल. त्यांना सुट्टी आहे." बरोबर होतं. ती चूक मी वहीत नोंदवून ठेवली.

एप्रिलमध्ये काकांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि लवकर करा म्हणाले. काका म्हणाले, मेअखेर सीझन संपतो, मग बघू. आपले तळाशी घुटमळत होते. खालच्या लीगमध्ये ढकलले जातात की वाचतात, ते कळल्याशिवाय ते टेबलावर झोपणार नव्हते. ऑपरेशनच्या.

काकू माझ्याकडे आल्या. "तू वाचतेस ना ते? सीझन एकदाचा संपला म्हणून सांग."

मी काकांना खडसावलं. ते शांतपणे म्हणाले, "मशीन चालू ठेवून मी कधी घरी गेलो नाही, ताई. डोक्यात अर्धवट काम ठेवून भूल कशी घेऊ?" असल्या माणसाशी काय बोलायचं?

शेवटचा सामना झाला. आपले खालून चौथे आले. खालचे तीन नक्की जाणार होते. चौथ्याचं मात्र वरच्या लीगमधल्या एका संघावर अवलंबून होतं. तो आणखी दोन सामने खेळणार. तो हरला तर खाली येणार, आणि त्याला जागा करून द्यायला आपले बाहेर. मी हा नियम तीनदा वाचला. काकूंना समजावला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे वरच्या वर्गातला नापास झाला म्हणून खालच्या वर्गातल्याला नापास करायचं?"

"तसंच."

"मग अभ्यास कशाला करायचा?"

पण हे समजावणं नंतरचं. त्या सोमवारी काका बेल वाजवायला आले नाहीत. काकू त्यांना धरून तपासणीला घेऊन गेल्या होत्या. तिथून काकांचा मेसेज आला: 'वाचले?' माझ्यासमोर एका पंपाची पुस्तिका होती, दुपारी पाठवायची होती. क्लबचं निवेदन मी सकाळीच वाचलं होतं. बोलताना मी 'वाचलं' म्हणते, पण लिहिताना हात शुद्धच लिहितो. मी उत्तर दिलं: 'वाचले.' आणि पंपाकडे वळले.

संध्याकाळी काकू आल्या. चेहरा इतका मोकळा मी महिनाभरात पाहिला नव्हता. "परवा अ‍ॅडमिट होतायत. स्वतःच बॅग भरायला घेतली. तुमचे ते वाचले म्हणे."

मला कळायला थोडा वेळ लागला. तोंडाशी आलं होतं की काकू, ते अजून वाचलेले नाहीत, मी फक्त निवेदन वाचलं. मग मी विचारलं, "दूध किती दिवस बंद ठेवायला सांगू?"

ऑपरेशन झालं. काका अतिदक्षता विभागात असताना वरच्या लीगमधला संघ हरला आणि आपले खाली गेले. काका घरी आल्यावर मी टेबल घेऊनच वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेले. पलंगावर बसून छातीशी उशी दाबून धरली होती त्यांनी.

"काका, वाचले नाहीत."

त्यांनी फोन काढला, माझा मेसेज शोधला, चष्मा लावून पाहिला. "पूर्णविराम दिलाय तुम्ही. मला वाटलं, खात्रीचं आहे."

"मी निवेदन वाचलं होतं. वाचले, असं."

ते हसले, आणि हसताना दुखलं म्हणून उशी आणखी आवळली. "डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस रेंगाळला असतात तर कठीण होतं." मग म्हणाले, "चूक चांगली केलीत. पण 'फुकट'सारखी नोंदवून ठेवा."

पुढचा सीझन आम्ही खालच्या लीगमध्ये काढला. तिथे निवेदनं आणखी त्रोटक, आणि वृत्तांत लिहिणारा व्याकरणात कच्चा. काका खूश होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. बर्फामुळे तिकडची लीग तेव्हा बंद असते. काकू मला एवढंच म्हणाल्या, "सुट्टी बघून गेले."

मी पुढे त्या पानावर जायचं नाही असं ठरवलं होतं. सोमवारी साडेआठला जात राहिले. का, ते विचारू नये. मला फुटबॉल आजही कळत नाही.

मेअखेरच्या एका सोमवारी बेल वाजली. काकू होत्या. दारातच म्हणाल्या, "आपले वाचले का?"

मी या वेळी शब्द नीट निवडले. "निवेदन वाचलंय. ते वाचले की नाही, हे कळायला अजून दोन आठवडे आहेत."

"थांबू," काकू म्हणाल्या, आणि आत येऊन बसल्या.