मशेरीची डबी

कोलशेतला आम्ही भाड्याने राहायचो, तेव्हा शेजारच्या मावशींची सकाळ मशेरीने उजाडायची. पत्र्याची डबी मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसत आणि बोट तोंडात ठेवूनच येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. नवरा मिठागरात कामाला, त्यामुळे घरात मीठ पोत्याने.

त्यांची दाढ काढायला ठाण्याला मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी बजावलं, "जखम भरेपर्यंत मशेरी बंद. उद्यापासून कोमट पाण्यात थोडं मीठ टाकून हलक्या गुळण्या करा."

दुसऱ्या दिवशी मावशींनी भांड्यात मूठभर मीठ टाकलं. मिठागरवाल्यांचं थोडं म्हणजे तेवढंच! मी ते पाणी ओतून दिलं आणि दुसरं करून आणलं. ते तोंडात धरून, गाल फुगवून त्या बसल्या. मावशींना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जखम भरली. मग एका सकाळी बघते तर मांडीवर पुन्हा तीच डबी. मी खट्टू झाले.

"काय मावशी, झाली का परत सुरू?"

त्यांचं तोंड पाण्याने भरलेलं होतं. ते पाणी त्यांनी सावकाश सोडलं आणि डबी माझ्यापुढे धरली. आत पांढरंशुभ्र मीठ होतं.

"सकालचा हात डबीच शोधतो, बाय. मंग आतलाच बदलला. गेली ती गेली, रायलेले दात राखाला नको काय?"

मग चिमटीत जरासं मीठ घेऊन त्यांनी मला दाखवलं.

"एवराच ना गो?"