मयूर विहारमधली मोजणी

आठवणी लिहाव्यात एवढा मी कोणी नाही, याची मला जाणीव आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि घरी पाठवलेली पत्रं सोडली तर मराठीत मी आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं तर माफ करा. पण त्या दिवसांतला आनंद कुणाला तरी सांगावासा वाटतो.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. राहायला आर. के. पुरमला, मामांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दिल्लीत मोबाइल नुकते आले होते. गुडगावची एक नवी कंपनी आमच्या कॉलेजातून एकालाच सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला घेणार होती. सर म्हणाले, "तुझं सिम्युलेशन प्रत्यक्ष मोजणीशी जुळलं, तर तुझं नाव पाठवतो. शनिवारपर्यंत."

टॉवरवरून निघालेली लहर इमारतींवर आपटत अनेक वाटांनी फोनपर्यंत येते. या लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी पुसून टाकतात, म्हणून सिग्नल चढतो आणि पडतो. हा चढउतार मला कॉम्प्युटरवर उभा करायचा होता. त्याआधी खरा पाहायला हवा, म्हणून आम्ही मयूर विहारच्या नव्या सोसायट्यांत गेलो. मामा स्कूटरवर पुढे, मी कॉलेजचा मीटर मांडीवर घेऊन मागे.

"मामा, अजून हळू."

"अरे, आता पाय टेकून चालतोच आहे की!"

गेटवरच्या चौकीदाराने हटकलं, "भाईसाहब, बिजलीवाले हो क्या?"

"उससे भी बड़े," मामा थाटात म्हणाले.

शेवटी मी उतरून पायीच निघालो. वीतभरसुद्धा सरकलो नसेन, तोच काटा धाडकन खाली आला. जरा पुढे झालो, तर पुन्हा वर! पुस्तकात वाचलं होतं तसंच, अगदी तसंच. मी भर रस्त्यात ओरडलो. मीटरमधून निघणाऱ्या कागदी पट्टीवर ते सगळं उमटत होतं.

शुक्रवारी मात्र तोंडचं पाणी पळालं. माझ्या सिम्युलेशनमध्ये सिग्नल पट्टीपेक्षा कितीतरी जास्त वेळा तळाला जात होता.

"मीटरच बिघडला असणार," मी म्हणालो.

मामा मंत्रालयात कारकून होते. "मीटरला नावं ठेवू नकोस. आमच्याकडे कागद ताडून पाहिल्याशिवाय साहेबांपुढे जात नाही. आकडे कुठे आहेत तुझे?"

प्रत्येक लहरीचे दोन भाग धरायचे असतात; त्या दोन्हींसाठी कॉम्प्युटरने आपल्या मनाने काढलेल्या आकड्यांचे दोन रकाने मी छापून आणले होते.

"पण मामा, हे दोन वेगळे असतात. जुळायचेच नाहीत."

"मग नाही जुळले तर बरंच. वाच तू."

मी पहिला रकाना वाचू लागलो. मामा दुसऱ्यावर बोट ठेवून बसले.

"जुळलं. हेही जुळलं. हेही... काय रे, कार्बन लावला होतास का?"

मी कागद ओढूनच घेतला. दोन्ही वेळा मी यंत्राला सुरुवातीचा आकडा एकच दिला होता, म्हणून त्याने दोन्ही वेळा तीच यादी काढली होती. त्यामुळे सिग्नलचे दोन्ही भाग एकदमच शून्यावर येत होते. सिग्नल जास्त पडणार नाही तर काय!

शनिवारी सकाळी लॅब उघडताच मी एक ओळ बदलली, दुसऱ्या यादीला सुरुवातीचा आकडा वेगळा दिला. प्रिंटर करकरत होता आणि मी मोजणीची पट्टी घेऊन शेजारी उभा होतो. रेघ रेघेवर बसणार नव्हतीच. ती किती वेळा आणि किती खोल पडते, एवढंच पाहायचं होतं. मी मोजलं. पुन्हा मोजलं. जुळत होतं!

सरांनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ठीक है." नाव पाठवतो की नाही, ते बोललेच नाहीत. विचारायचा मला धीर झाला नाही.

तीन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी मामी जिन्यातून हाका मारू लागल्या, "अरे लवकर ये, खालच्यांकडे गुडगावचा फोन आलाय!"

पलीकडे एक बाई होत्या. ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली होती. सोमवारी नऊ वाजता दोन फोटो घेऊन यायचं होतं. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी हसून पुन्हा सांगितलं.