सयाजीच्या संथ तबकड्या

आळे गावाच्या वरच्या मळ्यात सयाजी नावाचा एक शहाणा माणूस राहायचा. शहाणा हे त्याचं स्वतःचं मत. मळ्यातल्या कुणाला ते विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. पुण्याच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळून ब्याण्णव साली तो कायमचा गावी आला. असे परत आलेले लोक टीव्ही आणायचे, फ्रीज आणायचे. यानं तबकड्या वाजवायचं एक जुनं यंत्र आणि पिशवीभर छोट्या विलायती तबकड्या आणल्या. इतकी वर्षं सासू आणि शेत सांभाळलेली त्याची बायको साळुबाई पिशवी उघडताना हरखली होती. तिला वाटलं, काचेच्या बशा असतील.

या नादामागं एक जर्मन साहेब होता. कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या त्या साहेबानं जेवणाच्या सुट्टीत सयाजीला सांगितलं, की युरोपात दरसाल गाण्यांची स्पर्धा भरते, युरोव्हिजन तिचं नाव. एकेका देशानं एकेक गाणं पाठवायचं आणि मार्क द्यायचे ते दुसऱ्या देशांच्या गाण्यांना, स्वतःच्या नाही. हा नियम सयाजीच्या डोक्यात जो घुसला तो निघालाच नाही. "आपल्याकडं असतं तर आळ्यानं आळ्यालाच मार्क टाकलं असतं आन् मढानं मढाला," असं तो पारावर बसून ऐकवायचा. पुण्याच्या जुन्या बाजारात, परत जाणाऱ्या गोऱ्या लोकांनी टाकलेल्या सामानातून त्यानं त्या स्पर्धेतल्या तबकड्या हुडकायला सुरुवात केली. यंत्र मिळालं ते गावी निघायच्या आदल्या दिवशी, त्यामुळं त्या पहिल्यांदा वाजल्या त्या मळ्यातच. गावी आल्यावरही महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला जाऊन दोन-चार घेऊन यायचा. पुढं त्या एकशे चौदा झाल्या. त्यातली एकही भाषा त्याला येत नव्हती. यायला कशाला हवी? बायको काय म्हणते हे ज्याला मराठीतून कळत नव्हतं, त्याला नॉर्वेची बाई बरोबर कळायची.

तबकडी वाजवायचा थाट तर बघण्यासारखा. यंत्र दसऱ्याला पूजा करून बाहेर निघायचं आणि शिमगा झाला की गोधडीत गुंडाळून फडताळात जायचं; पावसाळी हवा त्याला बाधते असं सयाजीचं संशोधन होतं. त्या तबकड्यांच्या मधलं भोक रुपयाहून मोठं, म्हणून त्यानं जुन्या स्लिपरचं रबर गोल कापून त्यात बसवलं होतं. रोज संध्याकाळी सातला माजघरात सगळ्यांनी गप्प बसायचं. मळा विजेच्या लाईनीच्या अगदी शेपटाला. कांद्याच्या दिवसांत विहिरीविहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब भाजल्या रताळ्यासारखा लाल व्हायचा आणि पंख्याची पाती मोजता यायची. त्या अंधुक उजेडात तबकडीतून जड, घोगरा, लांबलेला आवाज निघायचा आणि सयाजी डोळे मिटून मान हलवायचा.

नॉर्वेची एक तबकडी त्याची फार लाडकी. कव्हरावर पिवळ्या झग्यातली एक पोरगी, एक पाय हवेत, बत्तीशी बाहेर. पहिल्याच हिवाळ्यात साळुबाईनं विचारलं होतं, "अवं, ही फोटोत एवढी हासतीया आन् गाण्यात गड्यावानी रडतीया कशापायी?"

"तुला काय कळतंय? ती ईश्वराला हाका मारती. खरं गाणं असंच संथ असतं. घाईचं गाणं अडाण्याचं."

साळुबाई उठून चुलीकडं गेली. तिला कळत होतं ते त्याला कळण्यातलं नव्हतं. वरच्या मळ्यात कुणाचीही हळद असो, जात्याला हळकुंड बांधलं की पहिला निरोप तिला यायचा. सासूनं तिला हळदीचं एक मोठं गाणं दिलं होतं. चांगलं दळण संपेपर्यंत पुरणारं, खुंट्याच्या गतीनं पळणारं, चढत जाणारं. सासूला ते तिच्या आईकडून आलेलं. मळ्यात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात शेजारची द्रौपदा तिला हळदीला न्यायला आली आणि सयाजीनं दारातच निकाल दिला. "या घरातल्या बाईनं यापुढं लोकांच्या ओट्यावर गळा काढायचा न्हाई. ते गाणं हाय का? बैल उधळल्यावानी पळतंय नुसतं!"

पंचवीस वर्षांनी नवरा घरी आलाय, उगाच भांडण कशाला, म्हणून साळुबाईनं मान खाली घातली. इथं तिचं चुकलं, साफ चुकलं. कारण असल्या माणसाला बोट दिलं की तो हात धरतो. गोठ्यात धार काढताना ती गुणगुणली तरी आतून खाकरा यायचा. पुढं द्रौपदाच्या स्वतःच्या लेकीच्या हळदीला ती गेली आणि तोंड मिटून बसली. बायांनी विचारलं, घसा बसलाय का? तिनं हो म्हणून मान हलवली. अशी अकरा वर्षं गेली. सासूही गेली.

दोन हजार तीनच्या माघात त्यांच्या लेकीचं, अश्विनीचं मढ गावातल्या मुलाशी लग्न ठरलं. साळुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढं पदर पसरला. "पोरीच्या हळदीला तेवढं म्हणू द्या. आत्याबायनी दिल्यालं हाय. परत काय मागायची न्हाई."

सयाजी हसला. "पोरीच्या हळदीला असं गाणं लावतो, की मढचं पावणं जल्मभर नाव काढत्याल. नॉर्वे लावतो!"

लग्नाच्या आठ दिवस आधी मळ्याला नवा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसला. वीस वर्षं अर्ज करून थकलेल्या लोकांनी त्याला नारळ फोडला. बल्ब पांढरेफेक झाले, पंखे डोक्यावरचे केस उडवायला लागले. सयाजीचं यंत्र मात्र त्या दिवसांत गोधडीत बांधलेलं होतं. पाहुण्यांची पोरं हात लावतील, हे भय.

हळदीच्या संध्याकाळी अंगण भरलं. मांडवात जातं मांडलं, हळकुंड बांधलं. आळेफाट्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बुद्धभूषणनं स्पीकर लावले होते. यंत्र एकदा तपासून बघतो असं त्यानं पूर्वी दोनदा सुचवलं होतं. "दोन वायरी जोडल्या म्हंजे कुणी इंजिनियर व्हत न्हाई," असं सांगून सयाजीनं त्याला वाटेला लावलं होतं. आता सयाजीनं माईक हातात घेतला, युरोप, ईश्वर आणि संथपणा यांवर दहा मिनिटं भाषण दिलं, आणि तबकडीवर सुई ठेवली.

पिपाणी वाजल्यासारखं काहीतरी टुणकन उसळलं. पाठोपाठ ढोल, टाळ्या आणि एका पोरीचा कोवळा, खिदळणारा आवाज. ला ला ला करत ती अंगणभर धावायला लागली. बारकी पोरं उड्या मारू लागली. मढची एक म्हातारी पाव्हणी बसल्या जागी मांडीवर ठेका धरून म्हणाली, "गोड हाय गं बाई."

"बंद करा! बिघडलं यंत्र!" सयाजी ओरडला. "कुणी हात लावला?"

बुद्धभूषण वाकला, फिरती तबकडी बघितली, आणि शांतपणे बोलला, "बिघडलं न्हाई, अण्णा. आत्ता बरोबर फिरतंय. तुमच्याकडं होल्टेज कमी असायचं, म्हून मोटार दमानं फिरायची. ही बाई अशीच गाती."

"म्हंजे अकरा वर्सं..." द्रौपदानं एवढंच म्हटलं, आणि हसू पदरात मावेना म्हणून ते अंगणभर सांडलं.

शहाण्या माणसानं इथं हसून घेतलं असतं. सयाजीनं भावाला हाक मारली. "जानकू, पळ! दोन्ही हिरीवरच्या मोटारी चालू कर! चुलत्यालाबी सांग!" लग्नघरच्या यजमानाचा शब्द मोडायचा नाही म्हणून बिचारा जानकू धोतर सावरत पळाला. मोटारी लागल्या, काढणीला आलेल्या कांद्यात पाणी घुसलं. बल्ब जरासुद्धा लाल झाला नाही. नवा डीपी आपला जागच्या जागी घुमत राहिला आणि नॉर्वेची पोरगी खिदळत राहिली.

तेव्हा सयाजीनं तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं. आवाज ओढला गेला, जड झाला, घोगरा झाला. "हे! हे खरं गाणं!" तो म्हणाला. आणि सबंध अंगणासमोर, फेट्यातला तो साठीचा बाप, तबकडीवर बोट दाबून वाकून उभा राहिला.

साळुबाई त्याच्याकडं बघत होती. बैल उधळल्यासारखं पळतंय, म्हणून तिचं गाणं यानं बंद केलं. कशाच्या जोरावर? तर कमी होल्टेजच्या. तिला राग आला. एवढ्या वर्षांत कधी आला नव्हता असा, पोटातून. ती उठली, जात्याशी बसली, खुंटा धरला. द्रौपदानं दुसऱ्या बाजूनं धरला.

"अगं ए!" सयाजी ओरडला. पण त्याला जागचं हलता येईना. बोट उचललं की नॉर्वे पळणार.

"तुमी धरून ऱ्हावा," साळुबाई म्हणाली, आणि तिनं सासूच्या गाण्याचा सूर लावला. गणपतीचं कडवं झालं, कुळदैवताचं झालं. आवाज चिरका झाला होता, पण होता. बाया पुढं सरकल्या. जातं फिरत होतं. आणि तिसऱ्या कडव्याला तिचं तोंड उघडंच राहिलं. पुढं काही येईना. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच थांबली. द्रौपदा बघत राहिली, तिला तरी कुठं येत होतं?

"झालं?" सयाजी वाकल्या अंगानं म्हणाला. "आटपलं गाणं?"

साळुबाईनं खुंटा सोडला नाही. जातं एक फेरा मुकं फिरलं, आणि तिनं पदरचंच जोडलं:

"अकरा वरसं बाई, गळा ठेविला गहाण,
बोट ठेवूनिया उभा, धनी माझा गं महान!"

बाया किंचाळल्या. मढच्या म्हातारीनं दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. अश्विनी हळदीच्या पाटावर हसून हसून रडकुंडीला आली. सयाजी तसाच उभा होता, बोट तबकडीवर, आणि सगळ्यांची पाठ त्याच्याकडं.

त्या दिवसापासून साळुबाई बोलावतील त्या हळदीला गेली. नवी, चावरी, हसवणारी गाणी रचायची म्हणून मढपासून आळेफाट्यापर्यंत तिचं नाव झालं. सयाजीनं तिला परत कधी अडवलं नाही. पण सासूनं दिलेलं ते गाणं तिसऱ्या कडव्याच्या पुढं तिला मरेपर्यंत आठवलं नाही, आणि जाऊन विचारावं अशी दुसरी बाई जगात उरली नव्हती.