डावरीने भरलेला पंखा

ती डावखुरी, म्हणून गल्लीत तिला सगळे डावरी म्हणत आणि ती खुशाल ओ देत असे. पंखे रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात ती सून म्हणून आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी बजावलं होतं की घरात भांडी कुठल्याही हाताने घास, पण टेबलावर तार गुंडाळायची ती उजव्याच हाताने. डाव्या हाताने कॉइल भरली की पंखा उलटा फिरतो, असं त्यांच्या उस्तादाने त्यांना सांगितलं होतं. उस्तादाला ते कुणी सांगितलं, हे विचारायची टाप कुणाची नव्हती.

दोन वर्षं ती उजव्या हाताशी झटापट करत होती. लाकडी फर्म्यावर तांब्याची तार वेढ्याला वेढा चिकटून बसायला हवी. हिचे वेढे मात्र सुटीवर आल्यासारखे ऐसपैस पसरत. मग कॉइल मोटारीच्या खाचेत मावायची नाही आणि सगळी सोडून पुन्हा भरावी लागायची. बाकी कामात ती चलाख होती, जळका पंखा नुसत्या वासावरून ओळखायची. सासऱ्यांचा तिच्यावर जीव होता. पण जीव असून कॉइल भरत नाही, असं ते म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

पुढे त्यांचा उजवा खांदा आखडला. शाळेचे सहा पंखे दुकानात येऊन पडलेले. जेवताना त्यांनी जाहीर केलं की सोमवारपासून बाहेरचा एक कारागीर टेबलावर बसेल आणि सूनबाईने गिऱ्हाइकं व रंगकाम सांभाळावं. एकदा हातचं गेलेलं टेबल परत मिळत नाही, हे डावरीला पक्कं ठाऊक होतं. आणि तिला ते काम मनापासून आवडायचं.

शनिवारी सकाळी सासरे दवाखान्यात गेले. टेबलावर अर्धा पंखा पडला होता. पंख्यात कॉइलचे दोन संच असतात, पंखा फिरता ठेवणारा रनिंगचा आणि त्याला पहिला धक्का देणारा स्टार्टिंगचा. रनिंगचा त्यांनी कण्हत कुंथत भरून ठेवला होता. डावरीने दार लोटलं आणि स्टार्टिंगचा संच चक्क डाव्या हाताने भरला. तासाभरात काम फत्ते झालं आणि एकही वेढा सैल नव्हता. सासरे आल्याबरोबर तिने अभिमानाने पंखा टांगला आणि बटण दाबलं.

पंखा उलटा फिरला. सगळी हवा छताकडे गेली.

सासऱ्यांनी स्टार्टिंगची दोन टोकं अदलाबदल केली, तसा तो सरळ फिरू लागला. ही युक्ती त्यांच्या हातचा मळ होती. पण निकाल लागायचा तो लागलाच.

डावरीला रडू आलं. डोळे पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की पंखा अर्धा त्यांचा होता आणि अर्धा तिचा. तिने दोघांच्या हातची एकेक सुटी कॉइल घेतली, बॅटरी घेतली आणि कॉइलची टोकं तपासायला सासरे वापरत ते होकायंत्र शेजारी ठेवलं. त्यांच्या कॉइलला बॅटरी जोडली की सुईचं लाल टोक धावत कॉइलकडे यायचं. तिच्या कॉइलला तशीच जोडली की तेच टोक तोंड फिरवायचं.

"वीज तीच आहे, बाबा. तुमच्या तारेत ती एका बाजूने वळते, माझ्या तारेत दुसऱ्या. म्हणून चुंबकाची टोकं बदलली."

"म्हणजे उलटंच ना?"

"तुमच्या संचाशी जोडलं तर उलटं. दोन्ही संच मीच भरले तर नाही, दोन्ही एकदमच उलटतात. सदरा एकदा उलटा केला तर उलटा, दोनदा केला तर सुलट."

सासऱ्यांनी दोन्ही कॉइलना पुन्हा स्वतः बॅटरी जोडून पाहिली. चाळीस वर्षं होकायंत्र हाताळलं, पण दोन वेगळ्या हातांच्या कॉइल शेजारी ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी अट घातली. रविवारी तिने अख्खा पंखा एकटीने डाव्या हाताने भरायचा, आणि उलटा फिरला तर टेबलाचं नाव पुन्हा काढायचं नाही. ती हो म्हणून बसली आणि रात्रभर सदऱ्याचा विचार करत राहिली.

रविवारी दुपारी पंखा टांगला. बटण सासऱ्यांनीच दाबलं आणि पात्यांखाली कागदाची पट्टी धरली. पट्टी फडफडत खाली वाकली. पंखा सरळ फिरत होता. त्यांनी वेढे तपासले, मोटार तापते का ते पाहिलं, काहीतरी खोट निघावी म्हणून शर्थ केली. खोट निघाली नाही. सोमवारी कारागीर आला, त्याला त्यांनी चहा पाजला आणि जागा भरली असं सांगून वाटेला लावलं.

महिन्याभराने खांदा मोकळा झाला. एका सकाळी डावरी दुकानात आली, तर तिच्या अर्ध्या राहिलेल्या पंख्यापुढे सासरे बसले होते. त्यांचा उजवा हात अवघडत, उलट्या दिशेने तार गुंडाळत होता.

"तुझ्या संचाशी जुळायला नको का?" ते मान वर न करता म्हणाले.

टोकं बदलली असती तरी चाललं असतं, असं ती म्हणाली.

"टेबल तुझं आहे, सूनबाई. जोडणी तुझ्याच पद्धतीची राहील. वेढे जरा बघून घे."

वेढे पार सैल होते. तिने सगळे सोडायला लावले आणि त्यांनी निमूटपणे सोडले.