कडा मोडलेली चिती

कड मोडल्याशिवाय वस्तू हातावेगळी करायची नाही, हा सुतारकामातला धडा वडिलांनी त्याच्या अंगी मुरवला होता. रंधा मारून झाला की पॉलिश पेपर फिरवायचा, धार मरेपर्यंत. त्यातून त्याची मुलगी जन्मांध. तिच्यासाठी उरल्यासुरल्या तुकड्यांतून घनाकृती घडवताना त्याने हा धडा जरा जास्तच गिरवला. चिती काय, सूची काय, सगळ्या साबणाच्या झिजल्या वडीसारख्या गुळगुळीत.

"जगातल्या टेबलांचे कोपरे घासायला तुम्ही पुरणार आहात का?" बायको टोमणा मारायची.

तो हसण्यावारी न्यायचा. कारण मुलीचे उत्तर कधी चुकत नसे. सागाचा तुकडा हाती येताच ती म्हणे, "त्रिकोणी चिती. पृष्ठे पाच, शिरोबिंदू सहा, कडा नऊ." देवदाराचा दिला की, "सूची." बापाची छाती फुगे.

अंध मुलांच्या निवासी शाळेत यंदा एकच जागा होती आणि मुलीच्या वयाला ही शेवटची संधी. चाचणीच्या दिवशी तो दाराशी उभा राहिला. बाईंनी प्लास्टिकची त्रिकोणी चिती तिच्या हाती ठेवली. मुलीने ती आधी नाकाशी नेली.

"वास नको घेऊस बाळ, बोटांनी बघ. कडा किती?"

"याला वासच नाही, बाई."

बोट कडेवर आले आणि चटका बसावा तसे मागे गेले. पुन्हा काही तिने हात लावला नाही.

दाराशी उभ्या बापाला आता उमगले. पोर आकार शिकलीच नव्हती, ती वासावरून लाकडे ओळखत होती. आकार तर त्यानेच घासून पुसून टाकला होता.

जागा दुसऱ्या मुलाला गेली.

घरी आल्यावर तो न जेवताच कामाला बसला. सागाचा नवा तुकडा घेऊन त्याने चिती कापली, रंध्याला आणि पॉलिश पेपरला शिवलाही नाही. तशीच ती मुलीच्या ओंजळीत ठेवली.

"बाबा, हे लागतंय."

आजवर हा शब्द ऐकला की त्याचा हात आपोआप पॉलिश पेपरकडे जाई.

"लागू दे," तो म्हणाला. "मोज."

ती मोजू लागली. एकेका कडेवर थांबत, ओठ आवळून. "नऊ," ती म्हणाली. मग चिती मुठीत धरून, "बाबा, आता परत बोलावतील?"

बायकोने पदर डोळ्यांना लावला. त्याने सागाचाच दुसरा तुकडा उचलला आणि सूची कापायला घेतली.