मुगलीनं ठरवून खाल्लेली हार

मुगली, हे मी मराठीत लिहिते आहे. म्हणजे तुला वाचता येणार नाही, आणि बारामुल्ल्यात कुणाकडून वाचून घ्यायची सोयही नाही. तुझ्याबद्दल बोलताना मध्ये तोंड घालायला तू नाहीस, असं तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच होतंय. बरं वाटतंय.

तुझी ओळख काय करून द्यायची? सुतार कादिरची बायको, बुटकी, डाव्या गालावर तीळ, आणि जीभ अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट बदलत. चार इयत्ता शिकलेलीस, पण मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून घरी आले की मलाच शिकवायचीस: "मास्तरीणबाई, झाडांची लॅटिन नावं घोकून घोकून तुझा दुधी कुजला बघ. वाळवणाची चकती पातळ कापायची असते."

आणि तू नव्या बर्फाला कधीच फसली नव्हतीस. आमच्या गल्लीत वर्षाचा पहिला बर्फ पडला, की तो कागदात नाहीतर डब्यात गुंडाळून एकमेकांना द्यायचा. घेणाऱ्यानं न ओळखता हातात घेतला, की तो हरला. मग ज्याच्या नावानं बर्फ आला, त्याला घरी बोलवून तो मागेल ते जेवण घालायचं. पाठवणारा पकडला गेला, तर उलटं. तू चाळीस वर्षांत शंभर लोकांना फसवलंस. हकीमसाहेबांना औषधाच्या पुडीत बर्फ दिलास, नव्या नवरीच्या दागिन्यांच्या डबीत दिलास. पण तुझ्या हातावर बर्फ ठेवणारा जन्मला नव्हता.

म्हणून त्या वर्षी डिसेंबरात तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "मला हरायचंय," तेव्हा मला वाटलं, ताप आलाय.

"कुणाकडून?"

"अझीझीकडून."

अझीझी म्हणजे तुझी थोरली जाऊ. एकाच अंगणात दोन घरं, आणि अकरा वर्षं अबोला. कारण तुझी जीभ, दुसरं काय. कुणाच्या तरी लग्नात बायकांच्या घोळक्यात तू म्हणालीस, की आमच्या जाऊबाईंचा सुकवलेला दुधी खायचा तर आधी चांभाराकडे द्यावा लागतो. अझीझी मागेच उभी होती. त्या दिवसापासून तिनं तुझ्या घरचं पाणी घेतलं नाही. दोघे भाऊ बिचारे रोज सकाळी नानबाईच्या, म्हणजे रोट्या भाजणाऱ्या बुवाच्या, दुकानात चोरून भेटत, प्रेमिकांसारखे.

आता अझीझी कायमची जम्मूला निघाली होती, मुलाकडे. घाट खुला झाला की गुरुवारी गाडी. तिनं एकदा तुझ्या चुलीसमोर बसून जेवावं आणि मग जावं, एवढं तुला हवं होतं.

"मग जा आणि माफी माग," मी म्हटलं.

"माफी मागायला तोंड हवं ना. माझं तोंड त्या कामाचं नाही."

कादिर दारात चप्पल झटकत उभा होता. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, करा काहीतरी. माझा भाऊ गेला तर नानबाईकडे मी कुणाबरोबर रडू?"

तुझा बेत सरळ होता. अझीझीच्या नावानं बर्फ मी पाठवायचा, तू चारचौघांत घ्यायचा. अझीझी "मी पाठवला नाही" म्हणाली, तर गल्लीत तिचीच शोभा. हो म्हणाली, तर तिला जेवायला यावंच लागेल. मुगलीला हरवलं हे नाव कुणाला नकोय?

सोमवारी पहाटे बर्फ पडला. मी डबाभर गोळा केला, हाताशी होता तो कागद त्यावर गुंडाळला आणि नानबाईच्या रांगेत सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "मुगली, हे अझीझीनं दिलंय. जम्मूला नेणार नाही म्हणाली."

तू काय अभिनय केलास ग. "माझ्या जाऊनं? माझ्यासाठी?" डोळ्याला फेरनची, त्या पायघोळ लोकरी झग्याची, बाही लावलीस. डबा उघडलास आणि मटकन खालीच बसलीस. इतकं वाईट नाटक मी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही पाहिलेलं नाही. पण रांग वेडी झाली. चाळीस वर्षांचे मार खाल्लेले लोक ते. हकीमसाहेब काठी आपटून नाचले. नानबाईनं भट्टी सोडली आणि बाहेर येऊन तुझं तोंड पाहून घेतलं.

सगळी वरात तुमच्या अंगणात. अझीझी वरच्या खिडकीत. तू मान खाली घालून म्हणालीस, "जाऊबाई, हरले. काय खाणार सांगा." अकरा वर्षांतला पहिला शब्द.

अझीझीला काही कळेना. तिनं कागद मागवून घेतला. तो माझ्या जुन्या मराठी दिवाळी अंकाचा होता. तिनं ती अक्षरं पाहिली, मग खाली माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. आपल्या नावानं मास्तरणीनंच हा उद्योग केलाय, हे तिनं ओळखलं. पण खाली पंचवीस माणसं तिचं नाव घेऊन ओरडत होती. ती म्हणाली, "पाठवला मीच. उन्हाळ्याचं जेवण हवंय मला. दह्यातला दुधी, टोमॅटो-वांगं, पुदिन्याची चटणी, वर सब्जाचं सरबत. आणि खिडक्या उघड्या टाकून. उन्हाळ्यात बंद खिडकीत कोण जेवतं?"

नळ गोठलेले, चिनाराच्या फांद्या बर्फानं वाकलेल्या, आणि हिला सब्जा. तू मान डोलावलीस, घरात आलीस आणि मला म्हणालीस, "बया हुशार आहे. माझीच जाऊ शोभते."

टोमॅटो, वांगी सुकवलेली होती. पुदिना वाळवलेला होता. दही मी माझ्या रजईत लावलं. दोन रात्री मी निखाऱ्यांच्या कांगडीवर काढल्या आणि दही उबेत झोपलं. पण दुधीची माळ खाली काढलीस आणि तुझा चेहरा पडला. ऑगस्टच्या पावसात चकत्या आतून बुरसल्या होत्या. तुझ्या. पातळ कापणारीच्या.

"बाजारातून आण," मी म्हटलं.

"बाजारचा तिला वासावरून कळेल. आणि नुसत्या टोमॅटोवर ती जेवायची नाही, उठून जाईल. मग संपलंच."

तू कादिरकडे पाहिलंस. मग कादिर उठला आणि नानबाईकडे गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याच्या फेरनखाली पोट सुटलं होतं. भावानं जम्मूला जायच्या बोचक्यातून एक माळ काढून दिली होती. अझीझीचा दुधी.

तू तो गरम पाण्यात भिजवलास, पिळलास, मोहरीच्या तेलात तळलास. मग बडीशेप, सुंठ, आणि दह्यात टाकून ढवळत बसलीस. हात थांबला की दही फाटतं. त्या दिवशी तू तासभर एक शब्द बोलली नाहीस, हे मी कुणाला सांगितलं तर माझ्यावर विश्वास बसणार नाही.

बुधवारी दुपारी अझीझी आली. नवी ओढणी घेऊन, जिंकलेल्या माणसासारखी. खिडक्या सताड उघड्या. आम्ही पाचजण दोन-दोन फेरन घालून, कांगड्या पोटाशी धरून बसलो. वारा असा, की भाताची वाफ निघायच्या आत मरत होती. सरबत तू बाहेरच्या बर्फात पेला रोवून गार केलं होतंस, जसं काही त्याची गरज होती. अझीझीनं ते घोट घोट संपवलं. दात वाजत होते, पण मागणी तिची होती, बोलणार कुणाला?

मग तिनं दुधीचा घास घेतला. चावला. थांबली. आणखी एक घेतला.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्यानं ताटात तोंड घातलं. कादिरला एकदम खोकला आला. मी उठून खिडकी लावावी म्हणत होते, पण तूच बोललीस.

"तुमचाच. माझा बुरसला."

"माझा? चांभाराकडे नेला होतास का आधी?"

"नाही." तू पळीनं दही हलवलंस. मी तुझ्याकडे बघत होते, मुगली. आता माफी येते की काय, असं वाटलं. "चामडं चांगलं असेल तर चांभार लागत नाही, जाऊबाई. मी बोलले तेव्हा चाखलं नव्हतं."

 अझीझीनं ताट पुढे केलं. "वाढ. आणि रस्सा कमी घाल, दुधी जास्त. माझाच आहे, मोजूनमापून काय वाढतेस?"

तिनं तीनदा घेतला. जाताना उरलेल्या माळेचा निम्मा भाग तुझ्या खुंटीवर अडकवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी उन्हात ठेव, पावसात नको." सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. तू ऐकून घेतलंस. गुरुवारी गाडी निघाली तेव्हा दोघी गळ्यात पडून रडलात. ते मी लिहीत नाही, कारण त्यात तुम्ही दोघी फारच कुरूप दिसत होतात.

गाडी वळणाआड गेली आणि तू माझं कोपर धरलंस.

"ती पोचली की फोन कर. सांग तिला, की बर्फ मुगलीनंच मागवला होता. मास्तरणीची अक्कल नव्हती ती. मुगली अजून हरलेली नाही."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर आणखी अकरा वर्षं. तुझ्यावर ती रागावणार नाही, तू कॉलेजातली."

मी फोन केला. खरंच केला. मी तोंड उघडायच्या आत अझीझी सुरू: वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईला सगळं सांगितलं, सुनेच्या माहेरच्यांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. चाळीस वर्षं न हरलेली बाई हिनं हरवली. ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा केला तेव्हा तिनं गोष्टीत आणखी दोन फूट बर्फ घातला होता.

तू खिडकीतून विचारायचीस, "सांगितलंस का?" मी म्हणायचे, "दूध उतू जातंय, थांब."

मग हे निवृत्त झाले आणि आम्ही साताऱ्याला आलो. त्यालाही सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हाही तू तेच विचारलंस, आणि मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज चांगला येत होता, मुगली. अझीझीचा नंबर टेलिफोनशेजारच्या वहीत पहिल्या पानावर आहे. सांगायचं राहिलंच आहे.