नॉर्मल राजाचा किल्ला

मी क्वालिटीत आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एकोणीस वर्षं इन्स्पेक्शन करतेय. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. भूतबित, दृष्टबिष्ट, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगू, अजूनही नाही. आमच्या घरी भूत आलं असतं तरी मी आधी दारातच त्याचं इनवर्ड इन्स्पेक्शन केलं असतं! इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते जेवणाच्या सुट्टीत, डबा खाताना, जरा हसायला म्हणून. राग मानू नका. आता माझी पाळी आली आहे, तुम्ही हसा.

आधीच सांगते, यात कुणी मेलेलं नाही, पांढरी साडी नाही आणि पिंपळही नाही. यात आहे हळीव.

आम्ही चिखलीत राहतो, सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर. मी, माझा नवरा आणि माझे वडील, आबा. आबा मूळचे कुरुळीचे. पिंपरीच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न मेकर होते, म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करणारे. हात असा, की फळीवरून बोट फिरवून अर्धा मिलिमीटर सांगतील. आणि स्वभाव असा, की नमुना चुकला तर लाकूड चुकलेलं असायचं, रंधा चुकलेला असायचा, साहेब तर हमखास चुकलेला असायचा. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द आबांच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. आईनेही ऐकले नसावेत.

माझी मुलगी मुक्ता ही आबांची जान. लहानपणी तिला स्कूटरवर पुढे उभी करून ते चाकणचा कोट दाखवायला न्यायचे. शाहिस्तेखानाला पन्नासहून जास्त दिवस झुंजवणारा हा आपला संग्रामदुर्ग, ही त्याची तटबंदी, हा बुरूज. त्यातूनच पोरीला जुन्या भिंतींचं वेड लागलं. ती आर्किटेक्ट झाली आणि जुन्या इमारतींची डागडुजी शिकायला लंडनला निघाली. आम्हाला वाटलं, आबा पेढे वाटतील. आबा म्हणाले, “आपला कोट ढासळलाय, आन् तू गोऱ्यांच्या भिंती लिंपाया चाललीस व्हय?”

“आपल्याच लिंपायच्यात आबा, त्यासाठीच शिकायला चाललेय,” मुक्ता म्हणाली.

“जा मग. आमाला न्हाई सांगायचं.”

ते विमानतळावर आले नाहीत. ती गेली, आणि दीड वर्षात एकमेकांशी एक शब्द नाही. नात आजोबांवर गेलेली, दोघंही एक नंबरची हट्टी. तिचा मला रविवारी फोन यायचा तेव्हा आबा शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचे. मी काही बोलले की म्हणायचे, “आमी बातम्या बघतोय.” बारीक आवाजात कुणी बातम्या बघतं का हो? मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी जीवही तुटायचा.

मुक्ता तिकडे टॉवर ऑफ लंडनवर अभ्यास करत होती. त्यातला मधला मोठा, चौकोनी बुरूज, व्हाइट टॉवर, हा तिचा प्रोजेक्ट. मला ती फोनवर सगळं सांगायची. नॉर्मंडीचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून आला, लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला, आणि लंडनकरांना धाक बसावा म्हणून त्याने हा किल्ला उभारायला घेतला. दरवाजा जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावर. बाहेरून लाकडी जिना. आणि बांधकामाचा बराचसा चांगला दगड त्याच्या मुलखातून, नॉर्मंडीतून, जहाजाने आणलेला.

फोन ठेवला की आबा सहज विचारल्यासारखं विचारायचे, “काय म्हणत हुती?” मी सांगायचे. जिन्याचं ऐकून म्हणाले, “शिडी काढली की काम झालं. शहाणा हुता गडी.” पुढे एका राजाने किल्ल्याला बाहेरून चुना फासला म्हणून त्याचं नाव व्हाइट टॉवर पडलं, हे सांगितल्यावर म्हणाले, “आदी लोकांस्नी लावला, मंग भिताडाला लावला.” पण दगडाचं ऐकून मात्र त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, “दगूड घरनं आनला? म्हंजी त्याला बी तिथं करमत नव्हतं.”

तर मागच्या दिवाळीआधी सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा जाहीर झाली. दरवर्षी आठ सिंहगड, पाच प्रतापगड असतात. आबा मला म्हणाले, “पोरीच्या त्या राजाचा किल्ला करू. तू ड्रॉइंग काढ. फोटू पाठवायचा तिला. माजं नाव न्हाई सांगायचं.”

मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले, नाहीतर तिथेच रडले असते.

मुक्ताने मागे एका पोस्टकार्डाचा फोटो पाठवला होता, त्यात किल्ल्याचं समोरचं चित्र आणि वरून दिसणारा नकाशा होता. मोठा चौकोन, तीन कोपऱ्यांत चौकोनी मनोरे. मागचा उजवा मनोरा मात्र गोल, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याला अर्धगोल पोट. मी त्यावरून इन्स्पेक्शन शीटच्या पाठकोऱ्या कागदावर ड्रॉइंग काढलं आणि आबांना तेवढंच दिलं. आबांनी पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या मिळवल्या आणि गॅलरीत रंधा सुरू झाला. सत्तरी ओलांडलेला माणूस, सकाळी सातला भुश्शात बसून शीळ घालतोय! खालच्या बागेत आम्ही कोपऱ्यात वाफा केला. माती मात्र आबांनी नवऱ्याला गाडी काढायला लावून कुरुळीच्या आमच्या शेतातून आणवली. “त्यानं दगूड घरनं आनला, आपन माती आनू,” म्हणाले. वाफा सपाट केला, हळीव पेरलं, पाणी शिंपडलं, वरून ओलं गोणपाट. रविवार होता तो. किल्ला चौथ्या मजल्यावर, अजून अर्धवट.

सोसायटीचे सेक्रेटरी बिराजदार काका, मूळचे लातूरचे. विल्यम नॉर्मंडीचा, म्हणून त्यांना मी फोनवर सांगितलं, “नॉर्मन राजाचा किल्ला असा बोर्ड करा.” काकांनी हौसेने बोर्ड रंगवून वाफ्यात रोवला – ‘नॉर्मल राजाचा किल्ला’. मी म्हटलं, काका, नॉर्मल नाही हो. ते म्हणाले, “मग काय ॲबनॉर्मल लिहू का? राहू द्या, लई छान दिसायलंय.” राहिला.

बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून मी साडेचारला आले. आबा किल्ला घेऊन लिफ्टने खाली उतरले होते, चुना लावून पांढराशुभ्र केलेला. बिराजदार काका मदतीला. मी गोणपाट उचललं.

हळीव वाफाभर उगवलं नव्हतं. ते रेघांत उगवलं होतं.

बोटभर रुंदीच्या हिरव्या रेघा, बाकी माती उघडी. मोठा चौकोन. तीन कोपऱ्यांत छोटे चौकोन. चौथ्यात गोल. एका बाजूला अर्धगोल पोट. मी आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे.

“आबा, ओळीत पेरलं होतंत का?”

“मुठीनं फेकलं की. तुज्यासमोर!”

खरं होतं. मी शेजारीच उभी होते.

बिराजदार काका म्हणाले, “चला, बसवा वर, सोपं झालं.” आबांनी किल्ला धरला, ठेवायला गेले आणि थांबले. बसेना! गोल मनोरा मागे यायला हवा, तर तो पुढे येत होता. फिरवला, तर अर्धगोल पोट भलत्याच बाजूला. काका म्हणाले, अजून फिरवा. चारही बाजूंनी फिरवून झालं. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालायला गेल्यावर होतं, तसं चाललं होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लाजेने कान तापले. कारखान्याचं ड्रॉइंग दोन पद्धतींनी वाचता येतं. एकात वरून दिसणारं चित्र वर काढतात, दुसऱ्यात खाली. कुठली पद्धत ते सांगणारं एक छोटं चिन्ह कोपऱ्यात काढावंच लागतं. आमच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाईक, म्हणून मी नवीन पद्धतीने काढलं. आबा जुन्या पद्धतीचे, त्यांनी जुन्याने वाचलं, म्हणजे वरून बघायचं ते खालून बघितलं असं समजले, आणि पुढचं मागे, मागचं पुढे झालं. आरशातला किल्ला! आणि ते चिन्ह काढायला विसरलं कोण, तर एकोणीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंगं नापास करणारी मी.

म्हणजे आमचा किल्ला चुकला होता, आणि हळीव बरोबर होतं.

एव्हाना माझ्यातली इन्स्पेक्टर जागी झाली होती. पर्समधून टेप काढून मोजलं. आमच्या किल्ल्याची बाजू सहाशे मिलिमीटर, हिरव्या चौकोनाची सहाशे दोन. काका म्हणाले, कुणीतरी गंमत म्हणून किल्ला इथे दाबून बघितला असेल. पण त्याने उलटाच ठसा उठला असता, आणि तो तर गॅलरीतून हललाच नव्हता. शिवाय हिरवळीत एक गोष्ट जास्तीची होती. पुढच्या भिंतीला बाहेरून चिकटलेला एक लांबट चौकोन. तो किल्ल्यात नव्हता, माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता, पोस्टकार्डातही नव्हता. मी स्टील स्केल शेजारी ठेवून फोटो काढला आणि मुक्ताला पाठवला – ‘हळीव बघ कसं उगवलंय.’ बाकी काही लिहिलं नाही.

दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल. तिकडे अजून सकाळ होती, केस विंचरलेले नव्हते.

“आई, हे कुणी केलं? तो पुढचा चौकोन कुणी सांगितला तुम्हाला?”

“कुणी नाही. काय आहे ते?”

“अगं, जिना झाकणारी इमारत होती तिथे! नंतरच्या राजांनी जोडलेली. कित्येक शतकांपूर्वी पाडून टाकली. आता तिथे काहीच नाही. मी गेला महिनाभर तिच्यावरच लिहितेय, तुला बोललेसुद्धा नाहीये!”

मी काही बोलायच्या आत तिला मागे पांढरं काहीतरी दिसलं. आणि ते छातीशी धरून उभे असलेले आबा, चुन्याने कोपरापर्यंत माखलेले.

“आई... तो किल्ला आबांनी केला?”

मी फोन आबांकडे वळवला. काका चार पावलं मागे सरकून बोर्ड सरळ करू लागले. आबांनी किल्ला खाली ठेवला, हात सदऱ्याला पुसले. दीड वर्षाने दोघं एकमेकांना बघत होते.

मग आबा म्हणाले, “मुक्ते... माजं चुकलं गं.”

तिने बाहीने डोळे पुसले, पण पोरगी आमचीच. म्हणाली, “गोल मनोरा म्हणताय ना आबा?”

“मनोरा बी,” आबा म्हणाले.

आणि मग जे काही झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ती रडत होती, हसत होती, “आई, सिंबॉल कुठंय ड्रॉइंगवर?” म्हणून मला शिव्या घालत होती. आबा नाक पुसत तिला विचारत होते, “जेवतीस का न्हाई? केस बघ कसं झाल्यात.” बिराजदार काकांनी फोनच्या मध्ये डोकं घालून नॉर्मल राजाचा बोर्ड दाखवला, तेव्हा ती खुर्चीवरून पडायची बाकी होती. तासभर चाललं. मला इतका आनंद झाला होता की मी वरच्या मजल्यावरच्या, एरवी ज्यांच्याशी माझं पटत नाही, त्या बाईंनाही मिठी मारली.

किल्ला हिरवळीवर बसलाच नाही. आम्ही तो शेजारी विटांवर ठेवला. कंपनीत एखादा भाग मापात बसत नसला तरी चालवून घेतात, त्याला लावतो तसं पिवळं लेबल मी त्याला लावलं. स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही, पहिला नंबर सिंहगडाचाच आला. आबा म्हणाले, “आलाच पायजे!”

दिवाळीनंतर मी शोध घेतलाच. तेच हळीव, तीच कुरुळीची माती, तेच गोणपाट, पाच ट्रे. पाचही ट्रेमध्ये हळीव झिपऱ्यांसारखं सगळीकडे उगवलं. बागेतल्या नळीची गळती, मुंग्या, गोणपाटाची वीण, सगळं तपासून झालं. कंपनीत दोष सापडला की भरतो तसा फॉर्म मी घरी भरला. काय आढळलं, किती मापाचं, केव्हा, साक्षीदार कोण, सगळे रकाने भरले. ‘मूळ कारण’ हा एक रकाना तेवढा कोरा राहिला. कोऱ्या रकान्यावर मी सही करत नाही, म्हणून तो फॉर्म फ्रिजवर तसाच पडून होता.

मुक्ता येत्या महिन्यात येतेय. आबांनी तिच्यासाठी चाकणच्या कोटाची मापं घ्यायला नवी टेप आणली आहे. काल ती टेप शोधताना मी फ्रिजवर हात घातला तर तो फॉर्म हाती आला. ‘मूळ कारण’ या रकान्यात सुतारी पेन्सिलीने, आबांच्या अक्षरात, दोन शब्द लिहिलेले – ‘करमत नव्हतं’.

कुणाला, ते लिहिलेलं नाही. मला आजही काही कळलेलं नाही, कुणाला कळलं तर जरूर कळवा.

पण मी खाली सही करून टाकली.